मन्मथची शपथ आणि माझी तपकीर

माझ्या नोकरीतलं निम्मं काम मी नाकानं केलं. उरलेलं निम्मं आवाजानं. डोळ्यांचा उपयोग मी उशिरा शिकलो, आणि कानांचा त्याहून उशिरा.

निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षांत मी नांदेडला एका कॉलेजच्या बोर्डिंगचा गृहपती होतो. कॉलेज म्हटल्यावर आजच्यासारखी चार मजली इमारत डोळ्यांसमोर आणू नका. मॅट्रिकच्या पुढचे दोन वर्ग, पाच खोल्या आणि अंगणात लिंबाची तीन झाडं, एवढंच ते कॉलेज. शिक्षण सगळं उर्दूतून. घरी मराठी, कानडी नाहीतर तेलुगू बोलणारी पोरं गणिताला 'रियाजी' म्हणत आणि तिन्ही भाषांत घोकत. कॉलेजच्या मागे बोर्डिंग. मुसलमान मुलांचं वेगळं होतं, आमच्याकडे हिंदू मुलं, साठ-पासष्ट. सरकारी कागदांत मी 'निगराँ' होतो, पोरांच्या तोंडावर 'गुरुजी' आणि पाठीमागे 'नाक'. हे शेवटचं नाव मला माहीत नाही अशी त्यांची समजूत होती, आणि ती मी मोडली नाही.

हे नाव पडायचं कारण हजेरी. रोज दिवेलागणीला मी ओसरीवर पाटावर बसायचो. एकेक मुलगा समोर येऊन वाकायचा आणि 'हाजिर' म्हणायचा. 'जी' म्हणायला मी मनाई केली होती. 'हाजिर' म्हणताना तोंड चांगलं उघडतं आणि आतली हवा सरळ समोरच्याच्या नाकावर येते. शिंदीचा वास आंबूस, शिळ्या ताकात गूळ पडल्यासारखा. मोहाच्या दारूचा उग्र, तो लपतच नाही. गांजा तोंडापेक्षा कपड्याला धरतो, म्हणून संशय आला की मी प्रेमानं खांद्यावर हात टाकून जवळ घ्यायचो. पोरंही काही कमी नव्हती. वेलदोडा चघळून यायची, बडीशेप खाऊन यायची. एक शहाणा कच्चा कांदा खाऊन आला होता. जेवणाआधी कच्चा कांदा खाऊन येणारा माणूस निरपराध असूच शकत नाही, असा माझा नियम होता.

आता हेही सांगून टाकतो की हे कीर्तिमान नाक दिवसभर तपकिरीनं भरलेलं असे. कमरेला पितळी डबी. वडिलांची होती, झाकणावर त्यांनी कोरून घेतलेलं एक कमळ होतं. तपकिरीनं नाक साफ राहतं आणि वास नीट येतो, असं मी लोकांना सांगायचो. उपरण्याची टोकं कायम तपकिरी असायची. कुणी हसलं तर मी म्हणायचो, हे धंद्याचं हत्यार आहे.

मुलं सगळीकडची. लातूर, मुरुडकडची व्यापाऱ्यांची पोरं मोजकं बोलणारी, बिलोली-देगलूरकडची मोकळीढाकळी. त्या तेलुगू मुलखाच्या सीमेकडच्या पोरांना शिंदी ही दारू आहे हेच पटत नसे. बिलोलीचा गंगाराम नावाचा एक दांडगा मुलगा होता. पहिल्याच महिन्यात मी त्याला हजेरीला धरला. तो खरोखर आश्चर्यानं माझ्याकडे बघत म्हणाला, "गुरुजी, शिंदी प्यालो की. दारू कुटं प्यालो?"

"शिंदी म्हणजे काय ताक आहे का?"

"आमच्याकडं पावण्याला आधी तेच देतेत. माय बी पिते, बाप बी पितो. उनात तेवडंच थंड लागतंय पोटाला."

त्याला मी पहिला गुन्हा म्हणून सोडला. सोडला म्हणजे वर कळवलं नाही. कारण कॉलेजचा नियम साधा होता. नशेत सापडला की नाव खारीज. वळकटी बांधायची आणि गावी जायचं. गंगारामच्या आधी माझ्या नाकानं तीन नावं खारीज झालेली होती. तिसरा देगलूरचा रामलू. त्याच्या तोंडाला मोहाचा वास आला, मी वर कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन फाटकातून गेला. जाताना माझ्या पाया पडला. त्या वेळी मला आपलं काम चोख झाल्याचं समाधान वाटलं होतं, हे मी आज लिहून ठेवतो, कारण ते लपवलं तर पुढचं सगळं खोटं होईल.

आता मन्मथ. लातूरच्या एका अडत्याचा नातू, लिंगायत घरातला. किडकिडीत, उंच, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची पेटी. रियाजीत तो वर्गात पहिला. बोलणं हळू, चालणं हळू, कधी कुणाशी भांडण नाही. माझ्या नाकाला त्याच्याकडून कधी काही मिळालं नाही. तोंडाला वास असलाच तर गुळाचा. गोड त्याला फार आवडे, दूध तर तो मागून घेई. महिन्याच्या शेवटी त्याला जांभया फार यायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं. मी इतरांना सांगायचो, बघा, अभ्यासानं पोराचे डोळे गेले, तुम्हीही काही शिका. सणाला लातूरला जाऊन आला की पुन्हा टवटवीत. आईच्या हातचं खाऊन आला, असं मी म्हणायचो. अशा मुलाला मी बोर्डिंगचा मॉनिटर केलं आणि कोण काय पितं यावर लक्ष ठेवायला सांगितलं. तो मान खाली घालून "बरं गुरुजी" म्हणाला. त्यानं एकाही मुलाचं नाव मला कधी दिलं नाही. मला वाटलं, मनाचा मोठेपणा.

मग गंगारामचं मडकं फुटलं. त्याचा बाप सहामाही संपली म्हणून लेकाला भेटायला आला आणि येताना पहाटेची ताजी नीरा मडक्यात भरून घेऊन आला. तोंडाला कापड आणि वर लाकडी बूच घट्ट ठोकलेलं. गंगारामनं ते मडकं ट्रंकेत पुस्तकांच्या मध्ये बसवून टाकलं. सकाळची नीरा दुपारी शिंदी होते हे त्याला पाळण्यात असल्यापासून माहीत, पण घाईत विसरला. भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, प्रिन्सिपल साहेब बोर्डिंगची पाहणी करत होते, मी मागे दोन पावलं. आम्ही गंगारामच्या खोलीत पाऊल टाकलं आणि ट्रंकेत बार उडाला. झाकण वर आलं, फेस बाहेर आला आणि रियाजीचं पुस्तक पोहत पोहत साहेबांच्या बुटापाशी आलं. वर्षभर त्या पुस्तकाला वास येत होता.

प्रिन्सिपल साहेब हैदराबादचे, शेरवानीतले, रागावले तरी अदब न सोडणारे. ते रुमाल नाकाला लावून म्हणाले, "पंडितजी, ये कॉलेज है या सेंधीखाना? एक मौका देता हूँ. अब एक भी शिकायत आई, तो सब के नाम खारिज."

सगळ्यांची नावं म्हणजे शिंदी पिणारी सीमेकडची वीस-बावीस पोरं. गंगाराम तर शेतकऱ्याच्या घरातला पहिलाच शिकणारा. मी विचार केला आणि आमच्या मुलखात न्यायनिवाडा ज्यानं मिटतो तो उपाय काढला. शपथ. बेलभंडार उचलला की आमच्याकडे माणूस मरेल पण फिरणार नाही. सोमवारी सकाळी सगळ्यांना अंघोळी करून अंगणात उभं केलं. ताटात बेलाची पानं आणि भंडारा. एकेकानं पान उचलायचं आणि म्हणायचं, "मी कसलीही नशा करणार नाही." 'कसलीही' हा शब्द मी मुद्दाम घातला होता. गंगारामनं पान उचलून विचारलं, "नीरा धरून का सोडून?" आणि सगळं अंगण हसलं. मी "धरून" म्हणालो, तेव्हा त्यानं मोठा सुस्कारा सोडला आणि शपथ घेतली. लिंगायत मुलांना मी सांगितलं, तुम्ही आपापल्या गळ्यातल्या लिंगाला हात लावून घ्या. ही माझी खास सूचना होती, आणि तिचा मला अभिमान वाटत होता.

मन्मथची पाळी आली. त्यानं चांदीच्या पेटीला हात लावला. मग ती मुठीत आवळली. डोळे मिटले आणि एका दमात शपथ म्हणून मोकळा झाला. मला ती भक्ती वाटली. माझे डोळे भरून आले. कार्यक्रम संपल्यावर मी बाजूला जाऊन एक चिमूट ओढली.

शुक्रवारी दुपारी रियाजीच्या तासाला मन्मथ बाकावरून खाली पडला. गंगारामनं त्याला एकट्यानं उचलून बोर्डिंगात आणलं. ओठ पांढरे, अंग गार, पाय पोटाशी घेतलेले. मी सवयीनं तोंडाचा वास घेतला. काही नाही. पटकी तर नसेल, या विचारानं मी गंगाराम सोडून बाकीच्या पोरांना बाहेर काढलं. साठ पोरांच्या बोर्डिंगात पटकी शिरली तर काय होतं हे मी एकदा पाहिलं होतं.

तेवढ्यात नागम्मा आली. आमच्याकडे दोन चुली होत्या आणि लिंगायत मुलांची चूल तिच्याकडे होती. देगलूरच्या पलीकडची, कानडी माहेराची, पन्नाशीची विधवा. ती दारातच उभी राहिली आणि मुलाकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाली, "अय्यो गुरुजी, पटकी न्हाई ती. उपास हाय. गुरुवारपासून लेकरानं पानी सोडून काई घेतलं न्हाई."

"आणि तू मला आज सांगतेस?"

"मला वाटलं, काल कसला तर नेम आसंल. पूजा केल्याबगर मी कुणाला ताट वाढत न्हाई, त्येला ठावं हाय. ताट मागायलाच आला न्हाई. आज सकाळी बघितलं तर समदी लेकरं पूजंला बसली, आन् हा भिंतीकडं तोंड करून. बुधवारी बी दोन घास खाऊन उटला हुता."

वाचकांपैकी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कडक घरातला लिंगायत माणूस रोज तळहातावर लिंग घेऊन पूजा करतो आणि मगच अन्नाला शिवतो. पूजा नाही तर जेवण नाही. प्रवास असो, ताप असो, यात सूट नाही. पण मन्मथनं पूजा का सोडली, ते नागम्मालाही कळत नव्हतं.

कळत होतं ते गंगारामला. दोघं एकाच खोलीत राहायचे. गंगाराम कोपऱ्यात उभा राहून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"गुरुजी, मारू नका," तो म्हणाला. "त्यो अफू खातो."

मी त्याच्या थोबाडीत मारायला हात उचलला होता. मन्मथसारख्या पोरावर आळ घेतो म्हणून. तेवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला, "खरं हाय गुरुजी."

मी खाटेवर बसलो. मन्मथ तुटक तुटक बोलत गेला. त्याचा आजा लातूरच्या बाजारातला मानाचा माणूस, दारूच्या थेंबालाही न शिवलेला. पण रोज दुपारी दुधाबरोबर मुगाएवढी अफूची गोळी घ्यायचा, आणि त्याला घरात कुणी व्यसन म्हणत नसे. म्हाताऱ्याचं औषध, बस. आपल्याकडे तान्ही लेकरं झोपावीत म्हणून बाळगोळीतून अफू देतातच. मॅट्रिकच्या परीक्षेत मन्मथचं पोट बिघडलं, हातपाय कापायला लागले. तेव्हा आजानं मायेनं आपल्या डबीतली एक चिमूट दिली. पोट थांबलं, भीती गेली, नातू पहिला आला. मग ती रोजची झाली. बोर्डिंगला येताना दशम्यांच्या गाठोड्यात आजानंच एक डबी बांधून दिली होती. अफू खाणाऱ्याच्या तोंडाला वास येत नाही. माझं सगळं शास्त्र तिथं संपलं.

"शपथ घेतली त्या दिशीच डबी गंगेत टाकली," तो म्हणाला. नांदेडला गोदावरीला गंगाच म्हणतात. "दोन दिवस काढले. नाकाडोळ्यांतून पानी, पायांत गोळे, पोट थांबंना. बुधवारी सांजंच्याला न्हाई ऱ्हावलं. अफूच्या परवान्याच्या दुकानात गेलो. खाल्ली." त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "लिंगाला हात लावून खोटं बोललो गुरुजी. आता त्येच हात लावून पूजा कशी करू? आन् पूजा न्हाई तर खाऊ कसं?"

नागम्मानं तोंडाला पदर लावला. दारू पिणारी पोरं सापडावीत म्हणून मी जाळं लावलं, आणि त्यात असा मासा अडकला की तो स्वतःच मरायला निघाला. शपथ मोडून खुशाल जेवणारा मुलगा असता तर मला त्याची काळजी नव्हती. माझी शपथ फक्त प्रामाणिक पोरालाच लागू पडत होती, हे मला त्या खाटेवर बसल्यावर कळलं. मी त्याला समजावलं, रागावलो, शेवटी हात जोडले. म्हणालो, मी सोडली तुझी शपथ, मी ब्राह्मण सांगतो, जेव. तो म्हणाला, "तुमी कशी सोडताल? तुमच्या हातात थोडीच घेतली हुती."

गावाबाहेरच्या लिंगायत मठात एक म्हातारे जंगम स्वामी होते. नाडी बघायचे, औषध द्यायचे. नागम्मा म्हणाली, त्यांनाच बोलवा. गंगाराम सायकलवर गेला आणि पाऊण तासात स्वामींना पुढच्या दांड्यावर बसवून घेऊन आला. ऐंशीच्या घरातला तो माणूस, उतरताना म्हणाला, "पोरगं तुमचं लई जोरात हाकतंय, माजी हाडं खिळखिळी झाली." एवढ्या काळजीतही मला बरं वाटलं.

त्यांनी नाडी बघितली, पापणी वर करून डोळे बघितले, आणि सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "लिंग गळ्यातून काडून ठिवलंस का रं?"

"न्हाई, स्वामी. पर उगडलं न्हाई."

"मग त्यानं तुला सोडलेलं न्हाई. तूच पाठ करून बसलास." मग माझ्याकडे वळले. "आन् तुमी, गुरुजी. येवड्या दिसाची अफू एका सकाळी बंद करायला लावली? झाडावर चढलेल्या मानसाला खाली उतर म्हनावं. उडी मार म्हनू नये."

"म्हणजे पुन्हा अफूच द्यायची?"

"उतरंपर्यंत फांदी धरावीच लागती. मी करून देतो गोळ्या. रोज जराशी कमी. नागम्मा ठिवंल आपल्यापाशी."

मन्मथनं मान हलवली. "मग शपथ रोजच मोडनार की."

मी तोपर्यंत एवढा हट्टी मुलगा पाहिला नव्हता, आणि एवढा लाडकाही कुणी वाटला नव्हता. स्वामींची नजर माझ्या कमरेवर गेली.

"तितं काय हाय, गुरुजी?"

"तपकीर."

"दिवसातून किती येळा?"

"मोजली नाही."

"मोजता येत न्हाई म्हन्जे लई. कसलीबी नशा न्हाई म्हनून शपथ घातली, तवा तुमी घेतली का?"

"मी... मी घालणारा होतो."

"तेच म्हनून राहिलो मी," स्वामी म्हणाले. "पोराला एकट्याला उभं केलं तुमी. ही शपथ आर्धी तुमची हाय. तुमी तपकीर उतरवा, ह्यो अफू उतरवंल. उतरून झालं की शपथ पुरी झाली. तवर ती मोडली न्हाई आन् फिटली बी न्हाई, चालू हाय." मग मन्मथला म्हणाले, "कळलं का रं? चालू हाय."

माझ्या मनात राग आला नाही असं नाही. पोरांसमोर, आचारीणबाईसमोर, माझ्या तपकिरीची आणि अफूची एका तागडीत तुलना. ती तुलना बरोबर नाही हे मला आजही वाटतं. पण खाटेवर ते पोर माझ्याकडे बघत होतं. मी डबी काढली आणि मन्मथच्या हातात ठेवली. वडिलांची डबी होती, हात सोडवेना. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली.

गंगारामनं पाणी तापवून त्याला अंघोळ घातली. स्वामी त्याला समोर घेऊन बसले, स्वतःच्या हातानं त्याच्या कपाळाला भस्म लावलं आणि त्याच्याकडून पेटी उघडवली. मला आत बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही. दारातून मला फक्त त्याचा पुढं केलेला डावा तळहात दिसत होता. त्याच्या खाली स्वामींनी आपला हात धरला होता. पूजा झाल्यावर नागम्मानं ताकातल्या ज्वारीच्या कण्या आणल्या. त्यानं चार घास खाल्ले. नागम्मा भिंतीकडे वळून उगाच भांडी लावत राहिली.

संध्याकाळी प्रिन्सिपल साहेबांनी मला बोलावून विचारलं, "वो लातूरवाला लड़का, क्या बीमारी है?" मी म्हणालो, "फाका था साहब, दो दिन का. मजहबी मामला." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, "अच्छा है. हमारे यहाँ भी रखते हैं. इम्तिहान तक ठीक कर दीजिए." मी एक शब्द खोटा बोललो नव्हतो. त्यांना सगळं कळलं होतं की नाही, ते मला कधीच कळलं नाही.

मग आमचं उतरणं सुरू झालं. सकाळी पूजा झाली की नागम्मा त्याला गोळी द्यायची आणि समोर उभं राहून दूध प्यायला लावायची. आमच्या दोघांचा करार असा, की त्याला जांभया सुरू झाल्या, पायांत गोळे आले, की त्यानं ओसरीवर माझ्याकडे यायचं. मला तपकिरीची हुक्की आली की मी त्याच्या खोलीत जायचं. गणितं सोडवायची, नाहीतर नदीपर्यंत चालत जायचं. दहा गणितांपैकी आठ तो मला शिकवायचा. तपकीर सोडल्यावर माणसाला काय होतं ते मी तेव्हा शिकलो. डोकं जड, चिडचिड, आणि बोटं आपोआप कमरेकडे. तपकिरीचं हे, तर त्या पोराच्या अंगात काय चाललं असेल, या विचारानं मी कमरेवरचा हात मागे घ्यायचो.

आणि मग, सांगायला लाज वाटते, पण आठव्या दिवशी मी मोंढ्याच्या बाजारातून तपकिरीची पुडी आणली. कोठीत ज्वारीच्या पोत्यामागे उभा राहून दोन चिमटी ओढल्या, शिंका आवरल्या, तोंड धुतलं, वेलदोडा खाल्ला. वेलदोडा खाताना माझ्या लक्षात आलं की मी काय करतो आहे. ओसरीवर आलो तर मन्मथ पाटी घेऊन बसलेला. गणित समजून घ्यायला मी वाकलो आणि तो क्षणभर थांबला.

"गुरुजी, उपरन्याला वास येतोय," तो हळूच म्हणाला.

मी कोरडं हसलो. "मग? नाव खारीज करतोस काय माझं?"

"न्हाई गुरुजी," तो म्हणाला. "उद्या पुन्ना पैला दिवस." आणि पाटी पुढे केली.

त्यानं मला जे एका वाक्यात दिलं ते मी रामलूला दिलं नव्हतं. त्यानंतर मी पुन्हा कुणाला शपथ घातली नाही आणि कुणाचं नावही वर कळवलं नाही. हजेरी चालूच राहिली, नाकही चालू राहिलं, पण वास आला की मी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बोलावू लागलो. आधी माझा कितवा दिवस ते सांगायचं, मग त्याला विचारायचं. पुष्कळ वेळा माझाच आकडा लहान असे, आणि त्यानं पोरांचा संकोच जाई. गंगाराम इतरांना सांगायचा, "जा रं, गुरुजी मारत न्हाईत आता. त्येंचंच अजून सुटंना." स्वतः त्यानं बेलाची शपथ बोर्डिंग सोडेपर्यंत पाळली. बिलोलीला गेल्यावरचं मी विचारलं नाही.

मन्मथची शेवटची गोळी परीक्षेच्या बरंच आधी संपली. नागम्मानं त्या दिवशी हुग्गी केली, गव्हाची गोड खीर, आणि माझ्यासाठी वाटीभर मी जेवायचो त्या दुसऱ्या चुलीवर वेगळी शिजवून घेतली. पुढे ते रझाकारांच्या धामधुमीचे दिवस आले, कॉलेज बंद पडलं, पोरं वाट फुटेल तिकडे गेली, आणि नव्या राज्यात मी दुसऱ्या शाळेत लागलो. मध्ये एकदा कामानं देगलूरला गेलो होतो. सकाळची नऊची वेळ. दुकानाच्या पायरीवर एक माणूस बसला होता, दाढी वाढलेली, हातात शिंदीचा मातीचा पेला. त्यानं मला ओळखलं आणि उठायचा प्रयत्न केला. पाया पडायला. तो रामलू होता. मी त्याच्याशेजारी पायरीवर बसलो. वीस वर्षं उशीर झाला होता.

मन्मथ लातूरला शाळेत गणिताचा मास्तर झाला. गेल्या वर्षी त्यानं घर बांधलं आणि मला न्यायला मुलाला पाठवलं. मी गेलो. पोचल्यावर तो पाया पडायला वाकला, आणि वर येताना उपरण्यापाशी एक श्वास घेतला. पन्नाशीचा माणूस, अर्धे केस पांढरे.

"कितवा दिवस, गुरुजी?"

"तिसरा," मी म्हणालो. मागच्या आठवड्यात मी पुन्हा घसरलो होतो. "आणि तुझा?"

"मी मोजायचं सोडलं. कदी सोडलं ते बी ध्यानात न्हाई."

जेवणाआधी तो देवघरात पूजेला बसला. मला म्हणाला, "या ना, बसा." या वेळी बोलावणं होतं. मी भिंतीला टेकून बसलो. त्यानं फडताळातून एक पितळी डबी काढली. झाकणावर कमळ होतं, झिजलेलं. मी ओळखलं. नागम्मानं ती चिंचेनं सात वेळा घासून दिली होती, असं त्यानं सांगितलं, आणि त्या दिवसापासून रोजचं भस्म त्यातच असतं. रोज सकाळी, अन्नाला शिवायच्या आधी, तो माझ्या वडिलांच्या तपकिरीच्या डबीत बोटं घालत होता, आणि मला याचा पत्ता नव्हता.

"तुमची ठेव हाय," तो म्हणाला. "घेऊन जाता का?"

त्यानं डबी उघडून माझ्यापुढे धरली. मी दोन बोटांत चिमूट घेतली. हात सवयीनं नाकाकडे निघाला. तो तिथं थांबला नाही, कपाळापर्यंत गेला.

"राहू दे तुझ्याकडेच," मी म्हणालो. आतून त्याच्या बायकोनं पानं वाढल्याची हाक दिली.